जेवणानंतरची सही

पाचोऱ्याच्या फलाटावर आई मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. "परक्या मुलखात आपल्या माणसाला धरून राहा." दशम्यांचा डबा तिच्या हातात होता आणि गाडी हलेपर्यंत तो माझ्याकडे द्यायला ती तयार नव्हती. वडील बाकावर बसून तिकिटाच्या खिडकीवरून आलेली मोड मोजत होते. त्यांचं सगळं आयुष्य मामलेदार कचेरीच्या खजिन्यात गेलेलं. मोड माझ्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "बरोबर आहे. पण तूही मोज." एवढाच त्यांचा निरोप. मी मोजली. गाडी सुटली.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. जिनिंगच्या कारखान्यात हिशेब लिहायचो. मालकांच्या वाटण्या झाल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. जयपूरला आप्पासाहेब नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, माझ्या मामांचे शाळासोबती. त्यांच्या देखरेखीखाली घरगुती धंद्यांची एक पाहणी चालू होती आणि आकडेमोडीला माणूस हवा होता. नोकरी नव्हती, ठेका होता: इतके तक्ते करून द्यायचे, इतके पैसे घ्यायचे. सुमतीला आणि दोन्ही मुलांना मागे ठेवून मी निघालो. खंडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या रुळाच्या गाडीत बसलो, तेव्हा डब्यात मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. अजमेर येईपर्यंत आईचं वाक्यच काय ते सोबतीला होतं.

आता माझा पुतण्या इकडे यायचं म्हणतो आहे. जयपुरातल्या चार वजनदार मराठी माणसांच्या नावे चिठ्ठ्या द्या, असं त्याने लिहिलं आहे. चिठ्ठ्यांऐवजी मी हे लिहितो आहे. त्याने वाचावं, आणि दिल्लीला, कलकत्त्याला, नैरोबीला गेलेल्यांनीही वाचावं. त्यांच्या गावातही एखादे आप्पासाहेब असतीलच.

आधी त्यांचं जे चांगलं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडचण नको. नवा मराठी माणूस जयपूरला उतरला की आप्पासाहेब स्टेशनवर हजर असत, डोक्याला पांढरी टोपी, हातात छत्री. टांगेवाल्याशी भाव तेच करत. राहायला खोली, दुधाला गवळी, दुखण्याला डॉक्टर, सगळं तेच लावून देत. मला आदर्श नगरात एका मुलतानी निर्वासिताच्या घरी माडीवर खोली मिळाली, तीही त्यांच्याच शब्दावर. आणि पहिल्याच रविवारी त्यांच्या बंगल्यावर जेवायचं आमंत्रण.

त्या पंगतीला आम्ही आठदहा जण होतो. सगळे उमेदवार: कुणी मेडिकल कॉलेजात शिकणारा, कुणी कॉलेजात तात्पुरता शिकवणारा, एक लष्करी हिशेबखात्यातला नवखा कारकून. कुणाचंच बूड अजून कुठे टेकलेलं नव्हतं. आप्पासाहेबांच्या पत्नींनी, आम्हां सगळ्यांच्या काकूंनी, वरणभात, कढी आणि पुरणपोळी केली होती. आठवडाभर खानावळीत बाजरीचे जाड रोट चावून आलेल्या माणसाला वरणावर तुपाची धार पडताना काय वाटतं, ते घर सोडलेल्यांना सांगायला नको. मी पोटभर जेवलो. मनात म्हटलं, आई बरोबर सांगत होती.

जेवण झालं. हात धुतले. सुपारीची ताटली फिरली, आणि तिच्यामागून एक फाईल फिरली. तिच्यात पावत्या होत्या. मजकूर आप्पासाहेबांच्या सुरेख अक्षरात, खाली पावतीचं सरकारी तिकीट आधीच चिकटवलेलं. पुस्तकाची मुद्रितं तपासणे व नकला करणे, या कामाचा मोबदला रोख मिळाला. रकमा भरलेल्या होत्या. नाव घालून सही तेवढी बाकी होती. सुपारी कातरत कातरतच पोरं सह्या करत होती, आणि गप्पा चालल्या होत्या सिनेमाच्या.

हा प्रकार काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पगारदाराचा कर कचेरीच कापून घेते, त्याला लपवायला जागा नसते. पण पुस्तकं, परीक्षकाचं मानधन, ठेक्याचं काम यांचे पैसे अख्खे हातात येतात. ते आपण होऊन सरकारला सांगायचे असतात. त्यातून कामासाठी केलेला खर्च वजा घालता येतो, आणि उरलं त्यावर कर. आप्पासाहेब तीन विद्यापीठांचे परीक्षक होते, आणि त्यांची हिंदी पाठ्यपुस्तकं राजस्थानभर खपत. मिळकत मोठी, म्हणून खर्चही मोठा दाखवायला हवा. तो खर्च म्हणजे आम्ही. आम्हां उमेदवारांची मिळकत इतकी किरकोळ, की आमच्या नावावर दोनचारशे जास्त दाखवले तरी आम्ही करपात्र होत नसू. त्यांचा कर कमी, आमचा होता तसाच शून्य. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या शास्त्राचा केलेला हा एवढाच प्रत्यक्ष उपयोग मी पाहिला.

फाईल माझ्यापाशी आली.

"आप्पासाहेब, यात पैसे मिळाले असं लिहिलंय," मी म्हणालो.

"हो."

"मला मिळाले नाहीत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आप्पासाहेबही हसले. "अरे, नुसती सही आहे. तुमच्याकडून सरकारला तसाही छदाम मिळायचा नाही. कुणाचं काय जातंय?"

"मग पैसेही द्या, लगेच सही करतो."

आता सगळेच हसले. जयपुरातल्या मराठी मंडळाचे चिटणीस तिथे होते, सरकारी दवाखान्यात डॉक्टर. ते म्हणाले, "खजिन्यातल्या कारकुनाचा मुलगा शोभतोस खरा! वरणातली डाळही मोजून खाल्लीस का रे?" आप्पासाहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि फाईल माझ्यावरून पुढच्या माणसाकडे सरकवली. रागाने नाही, मोठ्या समजूतदारपणे, एखाद्या लहान मुलाने भाजी टाकली तर आपण ताट उचलतो तसं. पुढच्या रविवारी मला आमंत्रण नव्हतं. त्याच्या पुढच्याही नव्हतं.

मी काही संत नव्हे. पुरणपोळी गेल्याचं मला वाईट वाटलं. पण मला खरी किळस आली ती चोरीची नाही. चोर मी पाचोऱ्यालाही पाहिले होते. या माणसाला स्वतःची चोरीसुद्धा स्वतःच्या हाताने करायची नव्हती. त्याला पंगतीला बसलेल्यांचे हात लागत होते. आणि तेही कुणाचे? ज्यांना घरापासून चारशे कोसांवर वरणभाताची भूक होती त्यांचे.

माझ्या तक्त्यांचे पैसे आले तसा मी आपण होऊन इन्कमटॅक्सच्या कचेरीत गेलो. न बोलावता आलेला माणूस त्यांनी बहुधा पाहिला नसावा. जयपुरात हा करच नवा होता. बाहेरच्या बाकावर बसलेले जोहरी बाजारातले सावकार, महाराजांच्या राज्यात ही पीडा नव्हती म्हणून उसासे टाकत होते. कारकुनाने माझे आकडे दोनदा वाचले. म्हणाला, "साहब, आप पर तो कुछ बनता ही नहीं. फिर आए क्यों?" मी म्हटलं, "बनता नहीं, हेच लिहून घ्यायला." त्याने शेजारच्याला बोलावून मला दाखवलं. दोघांनी मला चहा पाजला. खिल्ली उडवायला का होईना, पण पाजला. त्या चहासाठी सही मागितली नाही.

पाहणीसाठी मला सांगानेरच्या छिप्यांकडे जावं लागे. कापडावर ठसे मारणारी ही माणसं मला करवाला समजत आणि निम्मीच मिळकत सांगत. मी ते ओळखून तक्त्यात तशी टीप देई. तिकडे परके आपली मिळकत खोटी कमी सांगत, इकडे आपले खोटी जास्त लिहून देत. मधे बसून मी बेरजा करत होतो.

आमचे घरमालक लालाजी हेही काही वेगळे नव्हते, उगाच त्यांची आरती कशाला ओवाळू? कापडाचं दुकान होतं त्यांचं, आणि भाड्याची पावती ते देत नसत. पहिल्याच महिन्यात मी मागितली. लालाजींनी कानाला हात लावले. "बाबूजी, किराया दो रुपये कम कर लो, रसीद मत माँगो. मैं चोर हूँ, साफ़ कहता हूँ. मुलतान में सब छोड़कर आया, अब इस सरकार को पूरा थोड़े ही दूँगा!" मी त्यांना बरंच सुनावलं. त्यांनी ते मान डोलावत ऐकून घेतलं आणि पावती दिली नाही. दोन रुपये मी कमी केले नाहीत. दर महिन्याला आमचा हा कार्यक्रम होई.

वर्षभराने सुमती मुलांना घेऊन आली. शेजारच्या खोलीत श्रीकांत राहायचा. धुळ्याचा मुलगा, वडील लहानपणीच गेलेले, आई शिवण शिवून पैसे पाठवायची. मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार, हसरा, सुमतीला वहिनी म्हणायचा आणि आमच्या मुलीला हाडांची नावं शिकवायचा. तो आप्पासाहेबांच्या पंगतीचा जुना गडी. मी त्याला एकदा टोकलं, तर म्हणाला, "नाना, तुम्ही फार ताणता. मी जेवतो, ते सही घेतात. फिटंफाट." दोन संध्याकाळी बसून त्याने आप्पासाहेबांच्या नव्या पुस्तकाची काही पानं खरोखर तपासलीही होती. पैसे मिळाले नव्हते, पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत नाव छापून आलं होतं. ते पुस्तक त्याने आईला धुळ्याला पाठवलं आणि एक प्रत आपल्या कपाटात ठेवली. त्याच पुस्तकातले तक्ते मी तपासले होते. मी पैसे मागून घेतले, म्हणून प्रस्तावनेत माझं नाव नव्हतं. व्यवहार चोख झाला, माझी तक्रार नव्हती.

श्रीकांत पास झाला आणि इस्पितळात इंटर्न म्हणून लागला. महिन्याला विद्यावेतन मिळू लागलं. ते इतकं थोडं की कराचा प्रश्नच नव्हता. पण त्याला एक अट होती, आणि तिच्यावर त्याने सही केली होती: या काळात पैशाचं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. केल्याचं आढळलं तर इंटर्नशिप रद्द. इंटर्नशिप गेली की डॉक्टर म्हणून नोंदणी नाही. रविवारचं जेवण मात्र त्याने सोडलं नाही. म्हणजे सह्याही सोडल्या नाहीत.

मग नवे अधिकारी आले आणि त्यांनी आप्पासाहेबांचा खर्च तपासायला घेतला. पावत्यांवर ज्यांची नावं होती त्यांना एकेक करून बोलावणं धाडलं. बहुतेक पोरं बदलून, शिकून निघून गेली होती. श्रीकांत जयपुरातच होता, आणि सगळ्यांत जास्त पावत्या त्याच्या नावावर होत्या. समन्स हातात घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच गेलेलं पाहिलं.

"नाना, पैसे मिळाले म्हणालो तर इंटर्नशिप जाते."

"जाते."

"नाही मिळाले म्हणालो तर आप्पासाहेब जातात."

"जाऊ देत," मी म्हणालो.

"असं कसं म्हणता? पहिल्या वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा काकू माझ्या उशाशी बसल्या होत्या."

काकू खरोखरच बसल्या होत्या.

त्याच संध्याकाळी आप्पासाहेब स्वतः आले, बरोबर चिटणीस डॉक्टर. श्रावण होता, हातात घेवर या इकडच्या श्रावणी मिठाईचा डबा. इतक्या वर्षांत ते माझ्या खोलीत पहिल्यांदाच येत होते. खुर्ची एकच होती, ती त्यांना दिली. श्रीकांत ट्रंकेवर बसला.

"नाना," आप्पासाहेब म्हणाले, "झालं गेलं विसरा. तुम्ही आकड्यांतले माणूस. एक छोटं काम आहे. श्रीकांतने जे काही केलं ते इंटर्न होण्याआधीच केलं आणि पैसे नंतर हप्त्याने घेतले, असा एक तक्ता मांडून द्या. कुठल्या तारखेला किती पानं, किती मोबदला. तुम्ही मांडलेलं कुणी मोडू शकणार नाही."

सहीला मी उपयोगाचा नव्हतो, तर आता माझी अक्कल हवी होती.

"ती पानं त्याने तपासलीच नाहीत, तर तारखा कुठून आणू?"

चिटणीस म्हणाले, "अहो, असं काय करता! आपल्याच माणसाचा प्रश्न आहे."

"कुठल्या आपल्या माणसाचा? एक खुर्चीवर बसलाय, एक ट्रंकेवर."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "पाहणीवरच्या तुमच्या कायम नेमणुकीचा अर्ज माझ्या समितीपुढे आहे, हे मी मुद्दाम बोलणार नव्हतो."

"मग नका बोलू," मी म्हणालो. पण खोटं कशाला सांगू? मुलांची फी, पाचोऱ्याची मनिऑर्डर, सगळं डोळ्यांपुढे आलं. श्रीकांत खाली मान घालून बसला होता. चिटणीस त्याला समजावू लागले की तक्ता नसला तरी पैसे मिळाले असंच सांगावं, एक वर्ष पुढे गेलं तर आभाळ कोसळत नाही, पण या वयात आप्पासाहेबांच्या अब्रूला धक्का बसला तर जयपुरात एकाही मराठी माणसाला मान वर करता येणार नाही. एक वर्ष! त्या मुलाची आई तिकडे पायमशीनवर बसली होती आणि हे इकडे तिचं एक वर्ष वाटून टाकत होते. वाटणाऱ्याचा स्वतःचा मुलगा विलायतेला शिकत होता.

सुमती चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवता ठेवता तिने श्रीकांतला विचारलं, "भावजी, तुम्ही आईंना ते पुस्तक पाठवलंत ना, त्यांनी ते शेजारपाजारी वाचून दाखवलं म्हणत होतात. काय होतं त्यात एवढं वाचून दाखवण्यासारखं?"

श्रीकांतने मान वर केली. मग उठला आणि आपल्या खोलीतून पुस्तक घेऊन आला. प्रस्तावनेचं पान आपसूक उघडलं, इतक्या वेळा ते उघडलं गेलं होतं. त्याने उभ्यानेच वाचलं. पुस्तक हिंदीत, पण भाषा आप्पासाहेबांचीच: "जहाँ आजकल लोग पाई-पाई गिनते हैं, वहाँ मेरे इन महाराष्ट्रीय युवकों ने बरसों सहायता करके एक पैसा भी स्वीकार नहीं किया. यही हमारे संस्कार हैं." खाली नावं. पहिलंच नाव श्रीकांतचं.

पाई-पाई मोजणारा म्हणजे मी, हे मला तेव्हाच कळलं. वाईट वाटलं नाही.

चिटणीसांनी कप उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला. शेवटी आप्पासाहेब म्हणाले, "अरे, ते प्रस्तावनेत लिहायचं असतं."

आयुष्यात मी बरेच खुलासे ऐकले, इतका प्रामाणिक दुसरा ऐकला नाही. सरकारपुढे पैसे दिले म्हणायचं असतं, वाचकांपुढे पोरांनी ते घेतले नाहीत म्हणायचं असतं. पैसे वाचवायचे आणि कीर्तीही सोडायची नाही. साधा चोर प्रस्तावना लिहीत नाही म्हणून सुटतो. हे विद्वान होते, त्यांना आपल्या माणसांच्या निःस्वार्थीपणाचंही श्रेय हवं होतं.

दोघे गेले. घेवरचा डबा सुमतीने जिन्यात गाठून परत दिला. "मुलांना गोड चालत नाही," म्हणाली. मुलं वर जिन्याच्या तोंडाशी उभी राहून डब्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी श्रीकांत पुस्तक घेऊन कचेरीत गेला. माझ्यासमोर काही झालं नाही. त्याने येऊन सांगितलं तेवढं सांगतो. अधिकाऱ्याने प्रस्तावना वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, "तो आप गुरुजी की पुस्तक को झूठा कहेंगे या रसीदों को?" श्रीकांत म्हणाला, "पुस्तक सच है, साहब." तसं लिहून घेतलं. आप्पासाहेबांना बोलावणं गेलं तेव्हा तेही प्रस्तावना खोटी म्हणू शकले नाहीत. पावत्या नोकराच्या गफलतीने फाईलमध्ये लागल्या असं सांगून त्यांनी त्या मागे घेतल्या, आणि कर भरला, दंडासकट. नोकराचं नाव कुणी विचारलं नाही. श्रीकांतची इंटर्नशिप पुरी झाली, नोंदणी झाली, त्याची आई येऊन आमच्याकडे आठ दिवस राहून गेली.

माझा ठेका संपला, तो पुन्हा दिला गेला नाही. कायम नेमणूक अर्थातच दुसऱ्याला मिळाली. गणपतीत सुमती मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली तर बायकांनी सतरंजीवर सरकून जागा केली, आणि मग तिच्या दोन्ही बाजूंना ती जागा तशीच रिकामी ठेवली. घरी येऊन ती म्हणाली, "ऐसपैस बसले हो आज." पुढच्या वर्षी गेली नाही. आमची मुलं त्यामुळे मराठी मुलांत खेळली नाहीत. आज मुलगी मराठी बोलते ती अर्धी हिंदीत, "बाबा, मतलब तुम्ही समजून तर घ्या ना" अशी. ही किंमत मी धरली नव्हती. बेरजेत ती नंतर आली.

ते काही महिने हातात काम नव्हतं. लालाजी पहिल्या तारखेला वर आले नाहीत. दुसऱ्या महिन्यातही आले नाहीत. मीच खाली जाऊन सांगितलं की थोडं थांबावं लागेल. ते म्हणाले, "रसीद नहीं माँगोगे ना? तो जब मर्ज़ी देना." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला लागेपर्यंत हसले. पुढे सांगानेरला कापड छापणाऱ्यांच्या एका सोसायटीत मला हिशेबाचं काम लागलं, आणि लालाजींचं भाडं मी पुरं फेडलं. पावती त्यांनी दिली नाही. मी पुन्हा सुनावलं.

आप्पासाहेबांचं काय झालं, असं वाटत असेल तर सांगतो: काही नाही. साठी झाली तेव्हा मंडळाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र. परमुलखात मराठी माणसाला आधार देणारा वटवृक्ष, असं मानपत्रात होतं, असं ऐकलं. मला आमंत्रण नव्हतं, वर्गणीची मागणी मात्र आली होती.

आणि श्रीकांत. गेल्या वर्षी त्याने जयपुरातच, सोडाला भागात, स्वतःचा दवाखाना काढला. चांगला चालतो. हात हलका आहे, गरिबाला औषध तसंच देतो. दिवाळीनंतर एका रविवारी बायकोला घेऊन आमच्याकडे आला. सुमतीने त्याच्या आवडीचं वांग्याचं भरीत आणि भाकरी केली. तो पूर्वीसारखा जेवला. सुपारी तोंडात टाकली आणि कातडी पिशवीतून एक फाईल काढली.

"वहिनी, एक काम होतं. दवाखान्यात मदतनीस म्हणून तुमचं नाव दाखवावं म्हणतो. वकिलाने सांगितलंय, खर्च दाखवायला लागतो. तुमची मिळकत काहीच नाही, तुम्हाला कर लागायचा नाही. नुसती सही."

तो थट्टा करत असेल असं मला क्षणभर वाटलं. करत नव्हता. तेच शब्द, तीच सुपारीची वेळ, आणि त्याला स्वतःला ते जाणवतसुद्धा नव्हतं. आपल्याला कोणी कशातून सोडवलं होतं, ते तो विसरला नव्हता. त्याच उपकाराच्या हक्काने आला होता. घरचं माणूस म्हणून.

सुमतीने फाईल हातात घेतली, बंद केली आणि त्याच्या पिशवीत ठेवून दिली. म्हणाली, "भावजी, आमच्याकडे जेवणानंतर सुपारी देतात. सही देत नाहीत." मग त्याच्या बायकोला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली. तो पुन्हा आलेला नाही. येईल असं सुमतीला वाटतं. मला वाटत नाही.

जयपुरात आता मला बारा वर्षं होत आली. पाचोऱ्याला गेलो की दोन दिवसांनी मला इकडची कोरडी हवा आठवते, आणि इथे असलो की तिकडची केळी. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर पूर्वी पटकन पाचोरा म्हणायचो. आता आधी थांबतो. वडील गेले. आई थकली आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी शेजारच्या मुलाकडून ती एकच ओळ लिहून घेते: "तिथे आपली माणसं आहेत ना?"

मी दर वेळी उत्तर लिहितो. पुतण्यासाठीही तेच लिहितो, कारण चिठ्ठ्या द्यायच्या तर एवढ्याच माणसांच्या नावे देता येतील. आहेत, आई. मोजून चार. तुझी सून, दोन नातवंडं, आणि खाली राहणारे लालाजी. ते पावती देत नाहीत, पण आपलं खोटं स्वतःच बोलतात.